मधलं माप

कोल्हापूर, गंगावेस
४ नोव्हेंबर १९१५

फातिमाचे अब्बा,

कुलसुमचा सलाम. घरात सगळ्यांची तब्येत ठीक आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पत्र मराठीत आहे म्हणून हसू नका. घरात आपण दखनीत भांडत असलो, तरी शाळेत तुम्हाला आणि मला अक्षरं शिकवली ती मराठीच.

दोन महिन्यांसाठी म्हणून लष्कराच्या शिलाईकामाला पुण्याला गेलात. लढाई दिवाळीच्या आत आटोपेल, असं स्टेशनावर छाती काढून सांगत होता. दिवाळी तोंडावर आली. लढाई आहे तिथंच आहे आणि तुम्हीही.

आता बातमी. सरकारला पलटणींसाठी इतके कोट लागतायत की पुण्या-मुंबईचे दर्जी पुरेनासे झालेत. म्हणून आपल्याकडच्या एका मक्तेदारानं कोटांचा मक्ता घेतलाय. वखारीत कापड बेतून कापतात आणि शिलाईला घरोघर देतात. केरबा मुकादम गाठोडी वाटत गल्लोगल्ली फिरतो. मीही एक गाठोडं घेतलंय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून आधी घेतलं आणि मग कळवतेय.

काल नमुन्याचा कोट दाखवायला सगळ्यांना वखारीत बोलावलं होतं. पुण्याहून तीन मापांचे तीन कोट आलेत. लहान, मधलं आणि मोठं. प्रत्येकाच्या गळ्याशी दोऱ्यानं बांधलेली लाखेची मोहोर. सरकारचा कायदा असा की शिवलेला प्रत्येक कोट ह्या मोहोरेच्या कोटाबरहुकूम हवा, नाहीतर गाठोडं परत. मी पदर सावरून पुढे झाले आणि मधल्या मापाच्या खांद्यावर हात ठेवला. केरबा केवढ्यानं ओरडला, "ओ वैनी, हात लावू नगा! सरकारचा कोट हाय त्यो!"

सरकारचा कसला? डावा खांदा बोटभर उतरता होता. लहानपणी मामंजींबरोबर बाजारगावं करताना कापडाचं गाठोडं वाहून तुमचा खांदा तसा झालाय, आणि तुमचा प्रत्येक सदरा तुम्ही तसाच बेतता. अख्ख्या वखारीदेखत मला रडू आलं. शेजारची धोंडुबाई माझ्याबरोबर होती. तिचा मुलगा आण्णा पलटणीबरोबर बसऱ्याला गेलाय. तिला वाटलं, खाकी बघून मला लढाईची धडकी भरली.

खरं सांगा, तो कोट तुमचाच ना?

कुलसुम


पुणे, लष्कर
१३ नोव्हेंबर १९१५

कुलसुम,

ओळखलास! तुझं पत्र तीनदा वाचलं. गाठोडं घेतलंस हे वाचून पहिल्यांदा डोकं फिरलं होतं, पण खांद्यापर्यंत आलो आणि राग कुठल्या कुठे गेला.

झालं असं. इथल्या शिलाईघराच्या साहेबाला नमुने हवे होते, तेही दुसऱ्या दिवशी. त्यानं आम्हा दर्ज्यांची रांग उभी केली, छडी हलवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. उंच नाही, बुटका नाही, जाडा नाही, रोडका नाही. म्हणाला, हा मधला माणूस. मग काय, मी मधला कोट माझ्याच अंगावर बेतला. आरशापुढे चढवला, कुठे सुरकुती नाही. साहेबानं मागून-पुढून फिरवून पाहिला आणि लाख वितळवून मोहोर लावली.

खांद्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही गं. स्वतःचे कपडे बेतून बेतून हाताला ते वळण लागलंय. डोक्याला न विचारता हात तसाच कापतो. मोहोर लागली आणि मग तो उतरता खांदा दिसला. आता बोललो तर साहेब मला हाकलेल. तू कुणापाशी अवाक्षर काढू नकोस.

पण एक सांगू? थोरले भाई चारचौघांत म्हणायचे ना, मीरासाबला चोळी-परकराच्या पलीकडे काही जमायचं नाही? आता पलटणीच्या पलटणी माझ्या मापात उभ्या राहतील म्हणावं.

बाबूजमालच्या दर्ग्यात पंजे बसले असतील. इथे मशीनं चालू असताना मध्येच मला आपल्याकडचा ताशा ऐकू येतो. मान वर करून बघतो, तर कुठे काही नसतं. यंदाचा मोहरम पहिलाच, ज्यात मी तुला गर्दीतून हुडकून घरी आणणार नाही. फार आठवण येते.

मीरासाब


कोल्हापूर
२० डिसेंबर १९१५

फातिमाचे अब्बा,

तुमच्या खांद्यानं इथे काय गोंधळ घातलाय तो ऐका.

गंगावेशीतल्या दोघा-तिघा दर्ज्यांना वाटलं, सरकारची चूक आपण सुधारावी. त्यांनी खांदे सरळ करून दिले. तपासणीत सगळी गाठोडी परत! आता केरबा दारोदार ओरडत फिरतो, "वाकडंच शिवा रं बाबांनो, शाणपणा करू नगा! सरळ शिवलासा तर माल माघारी येतोय!" मी दाराआड उभी राहून हसते. अख्खं कोल्हापूर तुमच्यासारखं खांदा पाडून बसलंय.

अवाक्षर काढू नकोस म्हणालात, पण धोंडुबाईपाशी काढावं लागलं. ती माझ्या कोटांना काजं करते. परवा कोट उचलून म्हणाली, "कुलसुम, ह्यो खांदा पडलाय की गं." मी सांगितलं सगळं. आधी पोट धरून हसली. मग कोट मांडीवर पसरून म्हणाली, "म्हंजे माझा आण्णा बी ह्यातच हिंडत आसंल व्हय? वाकडा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीच पुन्हा म्हणाली, "आसू दे. तुज्या मालकानं त्येच्या खांद्यावर हात ठिवलाय म्हनायचं. परक्या मुलखात कुनीतरी हात ठिवाय पायजेच की."

मला ह्या कामाचा कंटाळा येत नाही, उलट गाठोडं संपत आलं की जीव खालीवर होतो. मी दिवसभर तुम्हालाच शिवत असते. आधी पाठ, मग बाह्या, शेवटी गळा. पुरा झाला की दोन्ही खांद्यांना धरून समोर उभा करते. अगदी तुम्ही. तेवढं आत कुणी नसतं. मग घडी घालते आणि केरबाच्या हवाली करते. रोज तुम्हाला असं दुसऱ्याच्या हवाली करायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही.

येताय कधी ते स्पष्ट लिहा.

कुलसुम


पुणे, लष्कर
५ ऑगस्ट १९१६

कुलसुम,

तुझी चारही पत्रं मिळाली. आळशी म्हण, काहीही म्हण. ईदला येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. फातिमा दिवसभर दारात बसून होती हे वाचलं.

इथे श्वास घ्यायला सवड नाही. सरकारनं कोटाची गळपट्टी बदलली, खिसे मोठे केले. म्हणजे सगळे नमुने नव्यानं. मधलं माप पुन्हा माझ्याच अंगावर. साहेब म्हणतो, हा माणूस मला सोडायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला असं कधी कुणी म्हणालं होतं का?

धोंडुबाईच्या आण्णाचं पत्र आलं हे वाचून बरं वाटलं. पलटणीत कुणाचाच कोट कुणाला बसत नाही, बसवून घ्यावा लागतो, हे त्याचं म्हणणं मी इथल्या दर्ज्यांना वाचून दाखवलं. सगळे खूप हसले.

माझी काळजी करू नकोस. खाणं उत्तम आहे. मटण असतं. अंगानं चांगला भरलोय, बघशील तर ओळखायची नाहीस.

मीरासाब


कोल्हापूर
१७ सप्टेंबर १९१६

फातिमाचे अब्बा,

नवे नमुने आले. मी सगळ्यांच्या आधी वखारीत जाऊन उभी राहिले. एवढ्या महिन्यांनी तुम्ही गावात येणार म्हटल्यावर घरी कशी बसू?

खांदा तसाच होता. बघून बरं वाटलं. पण मग खांद्याखाली नजर गेली. बाजूच्या शिवणी आत घेतलेल्या. छाती आवळलेली. तुम्ही लिहिता, अंगानं भरलोय. भरलेल्या माणसाचा कोट आटतो का?

केरबा तंबाखू मळायला बाहेर गेला होता. वखारीत मी एकटीच. मी त्या कोटाला मिठी मारली. हसा खुशाल. मोहोर हनुवटीला टोचली. माझे हात मागे गेले आणि एकमेकांना भेटले. आपलं लग्न झाल्यापासून तुमच्या पाठीमागे ते कधीच भेटले नव्हते.

काय झालंय तुम्हाला? मला खोटं लिहू नका.

कुलसुम


पुणे, लष्कर
२५ सप्टेंबर १९१६

कुलसुम,

तू म्हणजे कमालच आहेस. सरकारी मालाला मिठ्या मारत जाऊ नकोस, एखाद्या दिवशी मोहोर तुटेल आणि केरबा बिचारा तुरुंगात जाईल.

काही झालेलं नाही. लढाई लांबली, कापडाची टंचाई आहे. साहेबानंच हुकूम काढला की कोट जरा आवळून बेता, कापड वाचेल. हुकूम आला की कात्री चालते. त्यात माझ्या अंगाचा काय संबंध?

फातिमाला माझा पापा दे. काम आवरलं की येतोच.

मीरासाब


कोल्हापूर
२१ ऑक्टोबर १९१६

फातिमाचे अब्बा,

तुमचं पत्र वाचून मी गपचूप पुन्हा वखारीत गेले. मोठं माप पाहिलं, लहान माप पाहिलं. दोन्ही कोट गेल्या सालाइतकेच. फक्त मधला आटलाय. सरकारला काटकसर तेवढी तुमच्याच अंगावर सुचली होय?

मला काय समजायचं ते समजलं. आता मी काय केलं ते ऐका, दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच आलेलं बरं.

मंगळवारी तपासणीचा साहेब वखारीत आला होता. गोरा, तांबड्या मिशांचा. बरोबर पुण्याचा कारकून. आमच्या कोटांचा ढीग मांडलेला, शेजारी नमुना टांगलेला. मी बायकांमधून उठून थेट समोर गेले. केरबा "वैनी, खाली बसा! वैनी!" म्हणत मागे धावला. मी साहेबाला म्हणाले, "सायेब, ह्यो नमुना मापाचा न्हाय, मानसाचा हाय. माझ्या मालकाचा हाय. खांदा बी त्येंचाच, आन् छाती बी त्येंचीच. मानूस आजारी हाय. त्येला घरला धाडा."

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. किती सांगितलं, अल्लाला माहीत. साहेबानं कोट हातात घेतला. मोहोर उलटीसुलटी करून पाहिली आणि दोन शब्द बोलला. कारकून मला म्हणाला, "बाई, मोहोर शाबूत आहे. मोहोर शाबूत म्हणजे कोट बरोबर." मी म्हटलं, "आन् मानूस?" तर तो म्हणाला, "माणसाला मोहोर नसते." आणि माझी गाठोडी मंजूर केली! एकही कोट परत नाही. सगळे तुमच्यासारखे वाळलेले आणि सगळे मंजूर.

मी तुमची नोकरी घालवायला गेले होते. लपवत नाही. चूक उघडी पडली की तुम्हाला हाकलतील, आणि हाकललेला माणूस घरीच येतो, असा माझा हिशेब होता. नोकरी गेली नाही. रागवा हवं तेवढं, पण इथे येऊन रागवा.

कुलसुम


पुणे, लष्कर
३० ऑक्टोबर १९१६

कुलसुम,

तो कारकून इथे येऊन सगळ्यांना सांगत होता. कोल्हापूरची एक बाई नमुन्याला नवरा म्हणत होती, म्हणे. शिलाईघर हसत होतं. मी खाली मान घालून मशीन मारत राहिलो. कुठल्या मापाचा नमुना ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून त्यांना ठाऊक नाही तो नवरा मी आहे ते. ठाऊक झालं असतं तर काय झालं असतं, ह्याचा एकदा तरी विचार केलास?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काही सरकारदरबारी मानलं गेलं. तेच तुला मोडावंसं वाटलं. परत येऊन काय करू? थोरल्या भाईंच्या दुकानात बसून काजं करू?

खोकला आहे थोडा. कापडाच्या धुळीचा. इथे सगळ्यांनाच आहे. एवढंच आहे आणि मी येणार नाही.

मीरासाब


कोल्हापूर
२ डिसेंबर १९१६

फातिमाचे अब्बा,

मध्ये दोन पत्रं घातली, उत्तर आलं नाही. तेव्हा भांडण पुढे चालवत नाही. त्याऐवजी हे पार्सल पाठवतेय. आपल्या गल्लीतले एक जण पुण्याला चाललेत, त्यांच्याबरोबर.

आत एक कोट आहे. खाकी नाही, सरकारी कापड नाही. घरातल्या जाड पांढऱ्या ड्रिलच्या कापडाचा आहे. केरबाकडून मी नमुना मागितला नाही आणि टेपही हातात घेतली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी जेवढे होता, तेवढा बेतलाय. तेवढं माप माझ्या हातांना पाठ आहे. धोंडुबाईनं काजं केलीत. म्हणाली, "माझ्या आण्णाला येता येत न्हाय, त्येच्यावर हुकूम हाय. तुज्या मालकावर कुनाचा हुकूम हाय गं?" त्याचं उत्तर तुम्हीच द्या.

हा कोट घालून त्याच आरशापुढे उभे राहा. बसला, तर मी खोटी. मग पुण्यातच राहा, मी पुन्हा या म्हणून लिहिणार नाही, कुराणाची शपथ. नाही बसला, तर एक करा. बाजू आवळायच्या नाहीत. एकही टाका घालायचा नाही. आहे तसा अंगात घालून घरी यायचं.

तुम्ही मोठ्या मानाचे असाल हो. पण मला त्या मानाचं काय करायचं? मला रोज संध्याकाळी दारात चपला काढणारा माणूस हवाय. जाडा असो, वाळलेला असो, खोकणारा असो. मी तुमच्याशिवाय फार दिवस काढले. आता मला जमत नाही.

कुलसुम


पुणे, लष्कर
१५ डिसेंबर १९१६, जुम्मा

कुलसुम,

पार्सल मिळालं तेव्हा सोडलं नाही. उशाशी ठेवून झोपलो. आत काय असेल ते न उघडताच कळलं होतं, आणि घालून बघितल्यावर काय होईल तेही.

आज नमाजाहून आलो. शिलाईघर जेवायला उठलं होतं. आरशापुढे उभा राहून कोट चढवला. डावा खांदा असा बसला, की मला स्वतःला इतका नेमका कधी बेतता आला नसता. बाकीचा कोट मात्र लोंबत होता. मी सवयीनं दोन्ही बाजू चिमटीत धरल्या आणि सुई उचलली. नव्या नमुन्याच्या वेळी हेच केलं होतं गं. अंगावर कोट झुलताना दिसला आणि शिवणी आत घेतल्या. दर्ज्याचा हात, तो गप्प कसा बसेल? हुकूमबिकूम काही नव्हता. मी तुला खोटं लिहिलं आणि ते लिहिताना माझं मलाही खरं वाटायला लागलं.

आज मात्र सुई खाली ठेवली.

आता खरं ऐक. उन्हाळ्यापासून संध्याकाळचा ताप येतो. डॉक्टरला दाखवलं नाही. दाखवलं तर साहेब पुन्हा रांग उभी करील आणि मधला माणूस म्हणून दुसऱ्यापाशी थांबेल, ह्याची मला धास्ती होती. तापाची नव्हती. एवढा मी खुळा झालो होतो.

तसाच, तुझा कोट अंगात घालून, मी साहेबापुढे गेलो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दुपारी रांग उभी राहिली. छडी हलवत गेला आणि साताऱ्याकडच्या एका नव्या दर्ज्यापाशी थांबला. रांगेबाहेर उभा राहून मी बघत होतो. वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू? पण वाटलं होतं तितकं नाही वाटलं. त्या गड्याचे खांदे सरळ आहेत. इथून पुढचे कोट सरळ असतील म्हणून धोंडुबाईला सांग.

बुधवारच्या गाडीनं निघतो. मिरजेला गाडी बदलून गुरुवारी कोल्हापूर. बरा होईन की नाही ते आपल्याकडच्या हकीमाला विचारू, मिरजेच्या डॉक्टरला विचारू, तू नेशील तिथे येईन. तू स्टेशनावर ये. मी दिसलो की घाबरू नकोस, आणि चारचौघांत रडू नकोस.

कोट घालूनच येतोय. तू सांगितलंस तसा, एकही टाका न घालता. थंडी फार आहे, कुलसुम, आणि ह्या कोटात आता आपण दोघं मावू एवढी जागा आहे.

तुझा
मीरासाब